मालवणात स्कूबा करायचंय? पाणी, मासे, प्रवाळ आणि बाकी सगळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीतले लोक मालवणच्या स्कूबाबद्दल विचारायला लागतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. हे सगळं मालवण बंदर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची खडपं, दांडी, तारकर्ली, देवबाग आणि थोडंफार निवतीबद्दल आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपला जाणार असाल तर तिथलं गणित वेगळं.

मालवणात स्कूबा नेमकं करतात कुठे?

बहुतेक ट्रिपा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच होतात. किल्ला कुरटे बेटावर आहे, महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं. या बेटाच्या चारी बाजूंना पाण्याखाली खडकांचं जाळं आहे, वाट माहीत नसलेल्या मोठ्या जहाजाला सहज जवळ येता येत नाही, किल्ल्याला याचा मोठा आधार होता. आणि आपण आज डाइव्ह करतो ते याच खडपांवर. प्रवाळाला, शेवाळाला, शिंपल्यांना धरून बसायला काहीतरी टणक लागतं, नुसत्या वाळूवर ते टिकत नाहीत, त्यामुळे खडप आहे तिथे मासा आहे, हे इथला कुठलाही मच्छीमार सांगेल.

खोली फार नसते, ४ ते ८ मीटरच्या आसपास. जवळच्याच पद्मगड किल्ल्याच्या बाजूलाही डाइव्ह होतात. तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे आधी पूलमध्ये सराव करून मग समुद्रात नेतात. निवती रॉक्स वेगळं प्रकरण आहे, ते खाली लिहिलंय.

पाणी निळंशार असतं का? व्हिडिओत तर काचेसारखं दिसतं.

नाही, आणि हे आधीच मनाशी धरून आलात तर ट्रिप खूप छान होईल. किल्ल्याजवळ साधारण दिवशी ३ ते ५ मीटरपर्यंत दिसतं, उत्तम दिवशी ७-८ मीटर, आणि वाईट दिवशी आपलाच पसरलेला हात धूसर दिसतो. रंग हिरवट असतो. मालदीवचे रील बघून आलेली माणसं पाण्यातून वर येऊन नाराज होतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खाली जे होतं ते त्यांनी बघितलंच नाही, जे नव्हतं तेच शोधत बसले.

पण एवढं गढूळ का?

याची कारणं बरीच आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे आपल्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाजूला ढकलतात आणि खोलातलं थंड, खताने म्हणजे पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं, त्यात कर्ली आणि गड सारख्या नद्या डोंगरातून गाळ आणून ओततात, त्या दोन्हीवर सूक्ष्म वनस्पती म्हणजे प्लवक जोमाने वाढतं आणि पाण्याला तो हिरवा रंग येतो. शिवाय किनारा उथळ, तळ वाळूचा, जरा लाट मोठी झाली की वाळू उठते.

आता हे प्लवक म्हणजे समुद्राचं गवत. ते खाऊन तारली-बांगडा वाढतो, त्यांना खाऊन सुरमई, आणि वर आपण. मालदीव, लक्षद्वीपच्या आजूबाजूचं पाणी एवढं पारदर्शक असतं कारण त्यात खत कमी असतं. मालवणचं पाणी गढूळ आहे म्हणूनच मालवणच्या ताटात मासा आहे, हे एकदा डोक्यात बसलं की त्या हिरव्या पाण्याकडे बघायची नजरच बदलते.

मग कुठल्या महिन्यात यायचं?

पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट. मासेमारीबंदी वेगळी, ती १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमा झाली की होड्या समुद्रात जातात, पण डाइव्हिंगला तेव्हा घाई करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कागदावर सीझन सुरू झालेला असतो पण पाणी निवळलेलं नसतं, नद्यांचा गाळ अजून येत असतो आणि जेलीफिशही बऱ्याच असतात.

माझं मत विचाराल तर डिसेंबर ते मार्च. पाण्याचं तापमान २६-२७ अंशाच्या आसपास, समुद्र सकाळी शांत, आणि खडपांवर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ कमरेएवढं वाढलेलं असतं, लाटेबरोबर अख्खं रान डोलतं आणि त्यात बारकी पिल्लं लपलेली असतात. उत्तरेकडून जोराचा वारा सुटला की जानेवारीतसुद्धा दोन-तीन दिवस पाणी खराब होतं, त्याला इलाज नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी गरम, ३० अंशापर्यंत, दिसतंही बरं, पण सुट्ट्यांची गर्दी प्रचंड आणि मेच्या मध्यापासून लाटांचा भरवसा नाही. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा तर टाळाच.

दिवसातली कुठली वेळ चांगली? भरती-ओहोटीचा काही संबंध?

सकाळ. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात त्यामुळे पहाटेपासून नऊ-दहापर्यंत पाणी सपाट असतं, दुपारी खारा वारा सुटला की लाटा येतात, वाळू उठते, बोटीत उलट्या सुरू होतात. दुपारी दोनचा स्लॉट स्वस्तात मिळत असेल तर तो का मिळतोय हे समजून घ्या.

भरती-ओहोटीचा तर खूपच संबंध आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप आत येतं आणि खूप बाहेर जातं, त्या ओढीने तळ ढवळला जातो. अष्टमीच्या पुढेमागे भांग असते, पाण्याची हालचाल कमी, त्यामुळे गाळ खाली बसतो. भरती पूर्ण होतानाचं पाणी बाहेरून, खुल्या समुद्रातून आलेलं असतं म्हणून जास्त स्वच्छ, ओहोटीचं पाणी खाडीतून आणि किनाऱ्यावरून येतं म्हणून जास्त गढूळ.

आता कोकणातला जुना हिशोब. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ, तर सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती. हा हिशोब मुंबईकडचा आहे, मालवणात भरती थोडी आधी येते, तासभर आधी धरा. आता नीट बघा, नवमी ते एकादशी या दिवसांत भांग असते किंवा नुकतीच संपत आलेली असते, आणि पूर्ण भरती सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान येते, म्हणजे दोन्ही गोष्टी जुळतात. मी कोणालाही तारीख सुचवताना आधी कॅलेंडरवर तिथी बघतो, मग रेल्वेचं तिकीट. अर्थात नक्की वेळेसाठी टाइड टेबल बघाच, आणि त्या दिवशी बोटवाला काय म्हणतो ते ऐका. तो जर म्हणाला "आज पाणी बरोबर नाय, उद्या सकाळी येवा", तर तो स्वतःचा धंदा बुडवून तुम्हाला खरं सांगतोय, त्याचं ऐका.

मला पोहता येत नाही. चालेल का?

ट्राय डाइव्हसाठी, म्हणजे कोर्स न करता इन्स्ट्रक्टरसोबत केलेल्या छोट्या डाइव्हसाठी, चालतं. तुम्हाला पोहायचं नसतंच, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. पण पाण्याची जबरदस्त भीती असेल आणि घरच्यांच्या आग्रहाखातर उतरणार असाल तर नका उतरू, किनाऱ्यावर बसा, पुढच्या वर्षी बघू. घाबरलेला माणूस पाण्याखाली श्वास रोखतो आणि तेच सगळ्यात धोकादायक असतं.

श्वास रोखण्यात एवढा काय धोका?

स्कूबातला पहिला नियम हाच, श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, ६ मीटरला वरच्यापेक्षा जवळजवळ १.६ पट. तिथे सिलिंडरमधून भरून घेतलेली हवा वर येताना फुगते. तोंड बंद ठेवून वर आलात तर ती फुप्फुसातच फुगणार, आणि त्याने फुप्फुसाला इजा व्हायला दीड मीटर अंतरसुद्धा पुरतं. "उथळच तर आहे, काय होतंय" असं कोणी म्हणालं तर पटवून घेऊ नका, हवा सगळ्यात जास्त पटीने फुगते ती वरच्या काही मीटरमध्येच. संथ श्वास घेत राहा, संथ सोडत राहा, बुडबुडे चालू ठेवा, बस.

आणि कान?

कान दुखतात कारण पडद्याच्या बाहेर दाब वाढलेला असतो आणि आत तेवढा नसतो. नाक चिमटीत धरून हळू फुंकर मारायची, कानात टक् असा आवाज येतो, झालं. पण दुखायला लागण्याआधीच करायचं, दर हातभर खाली गेलं की एकदा. दुखलं तर इन्स्ट्रक्टरला हाताने खूण करा, थोडं वर या, पुन्हा प्रयत्न करा. होत नसेल तर डाइव्ह सोडा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, गोळी घेऊन नाक मोकळं करूनही नको, कारण गोळीचा असर पाण्याखाली संपला की वर येताना त्रास होतो.

कोणी करू नये?

दमा, हृदयाचा त्रास, फिट येण्याचा इतिहास, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल तर अजिबात नाही. आदल्या रात्री दारू प्यायला बसला असाल तर सकाळी नाही. मुलांसाठी पाडीसारख्या (PADI) डाइव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा नियम किमान १० वर्षं आहे, तुमचा सहा वर्षांचा मुलगा कितीही धीट असला तरी त्याला स्नॉर्कलिंग करू दे, लाइफ जॅकेट घालून, सोबत बाबा.

चांगला ऑपरेटर मेडिकल फॉर्म भरून घेतो. त्यात खरं लिहा. पैसे परत मिळणार नाहीत म्हणून दमा लपवणारी माणसं असतात, कृपा करून तसं करू नका.

चष्मा आहे, मिशी आहे, काय करू?

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मास्कच्या आत डोळे मात्र पाणी शिरलं की मिटायचे. नंबर कमी असेल तर काहीच नको, पाण्याखाली वस्तू तशाही थोड्या मोठ्या आणि जवळ दिसतात. मिशीमुळे मास्कमध्ये थोडं थोडं पाणी येतं, नाकाखाली जिथे मास्क टेकतो तिथे बारीक पट्टी कापून घेतली की भागतं. मास्कमध्ये आलेलं पाणी नाकाने फुंकर मारून बाहेर काढायला शिकवतात, ते बोटीवर नीट शिकून घ्या, खाली गेल्यावर शिकायची गोष्ट नाही ती.

कुठले मासे दिसतात?

सगळ्यात आधी भेटतात ते सार्जंट मेजर, चंदेरी-पिवळट अंगावर काळे उभे पट्टे, थव्याने येतात आणि अगदी तोंडासमोर. त्यांच्या मागे हिरवा-निळा मून रास, शेपटी चंद्रकोरीसारखी, सतत घाईत. बटरफ्लाय फिश बहुतेक जोडीने फिरतात. कपारीत डोकावलंत तर हेकरू दिसेल, ज्याला काही जण गोबरा म्हणतात, तो जागचा हलत नाही, फक्त डोळे फिरवतो. तांबोशीची पिल्लं, लायनफिश, कधी मोरे ईल, वाळूत अर्धं पुरलेलं पाकट, आणि नशीब असेल तर कपारीतून फक्त मिशा बाहेर काढून बसलेली शेवंड.

पण माझा आवडता प्राणी माकूल, म्हणजे कटलफिश. किल्ल्याच्या मागच्या अंगाला एका गोल खडपाच्या सावलीत एकदा एक मिळालं होतं, वीतभर लांब. मी वाळूवर स्थिर राहिलो, हात आखडून घेतले. पहिले काही क्षण ते खडपाच्याच रंगाचं होतं, खडबडीतसुद्धा तसंच, म्हणजे अंगावर बारीक उंचवटे काढलेले. मग त्याला माझा धोका वाटेनासा झाला असावा, उंचवटे मिटले, अंग गुळगुळीत झालं आणि पाठीवरून गडद पट्टे डोक्याकडून मागे सरकायला लागले, एकामागून एक, कडेची झालर हलत राहिली आणि ते उलटं पोहत हळूहळू मागे गेलं. दिसत होतं जेमतेम चार मीटर. पण माकूल दोन हातांवर होतं, मला आणखी काय दिसायला हवं होतं?

म्हणून सांगतो, इथे लांब बघू नका, जवळ बघा. एक खडप निवडा आणि त्याच्याच समोर थांबा. समुद्री गोगलगायी ज्यांना न्यूडिब्रँक म्हणतात त्या नखाएवढ्या असतात आणि रंग असे की खोटे वाटावेत. समुद्रफूल, ट्यूब वर्म, कालवं, बारके खेकडे, सगळं एका हातभर जागेत असतं.

मालवणात खरंच प्रवाळ आहे?

आहे. पूर्वी समज असा होता की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एवढ्या गढूळ पाण्यात जिवंत प्रवाळ असणं कठीणच. १९७९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले कासीम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. मग १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड हे गाभ्यातच येतात. म्हणजे तुम्ही जिथे उडी मारता ते अभयारण्य आहे.

इथला प्रवाळ फांद्याफांद्यांचा फार नाही, मोठ्या धोंड्यासारखा किंवा खडकावर थर दिल्यासारखा आहे, पोरायटिस, टर्बिनारिया, फेव्हिया हे प्रकार. ते गढूळ पाणी, गाळ सहन करू शकतात, अंगावर बसलेला गाळ चिकट स्राव सोडून झटकतात. पोरायटिस वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे तुमच्या गुडघ्याएवढा धोंडा अर्धशतकाचा असतो. तो दगड नाही. त्यावर हजारो जिवंत प्राणी आहेत आणि त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न देतं. पाणी जास्त दिवस जास्त गरम राहिलं की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातली चौथी मोठी ब्लीचिंगची लाट जाहीर झाली. गरमीत पाणी ३० अंशापर्यंत जातं तेव्हा आपल्या प्रवाळावर आधीच ताण असतो, त्यात आपण वरून लाथा मारायच्या नाहीत.

एका पोरायटिसच्या धोंड्यावर नांगराच्या दोरीने घासलेली पांढरी पट्टी मी बघितली आहे, तळहाताएवढी रुंद. पुढच्या सीझनला त्या जागी शेवाळ धरलेलं होतं, प्रवाळ परत आला नव्हता. त्यामुळे बोट नांगर कुठे टाकते याकडे लक्ष द्या आणि विचारा. बोया लावलेल्या असतील तर बोट त्याला बांधायला सांगा.

खाली उभं राहिलं, हात लावला तर काय होतं?

प्रवाळ मरतो. आणि तुम्हालाही कापतो, त्या जखमा लवकर भरत नाहीत. उभं राहायचं तर वाळूवर, तेही इन्स्ट्रक्टरने सांगितलं तर. फोटोसाठी काही जण पर्यटकाला थेट खडपावर टेकवतात, तेव्हा हाताने "नको" अशी खूण करायला लाजू नका. प्रवाळाचा तुकडा, शंख काहीही घरी न्यायचं नाही. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत, तुकडा जवळ सापडला तर गुन्हा होतो.

ब्रेड-बिस्किट टाकल्यावर मासे जमतात, मजा येते, त्यात चुकीचं काय?

मजा येते हे खरं, आणि व्हिडिओ छान होतो म्हणून काही ठिकाणी अजून करतात. पण सार्जंट मेजरसारखे धीट मासे ब्रेडवर तुटून पडतात, खडपावरचं शेवाळ खाण्याचं त्यांचं काम राहून जातं, लाजरे मासे लांब पळतात, आणि उरलेला मैदा पाण्यात कुजतो. बुकिंग करतानाच सांगा, आम्हाला ब्रेड नको. गिऱ्हाईकाने मागणं बंद केलं की आपोआप थांबेल.

शार्क आहेत का? साप? काय चावतं?

मोरी म्हणजे शार्क आपल्याकडे मच्छीमारांच्या जाळ्यात येते, पण किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात तिची भीती बाळगायचं काहीही कारण नाही.

समुद्री साप आहेत, मालवणच्या किनाऱ्यावर चांगल्या संख्येने, आणि विषारी आहेत. आपल्याकडे सापाचं जे इंजेक्शन मिळतं ते जमिनीवरच्या चार मुख्य सापांसाठी आहे, समुद्री सापाच्या विषावर त्याचा भरवसा नाही. मात्र डाइव्ह करणाऱ्यावर हा साप अंगावर येत नाही. दंश होतात ते जास्त करून जाळ्यातून मासे सोडवताना, हाताला, मच्छीमारांना. तुम्हाला दिसला तर बघा आणि जाऊ द्या, किनाऱ्यावर मेल्यासारखा पडलेला दिसला तरी काठीने ढोसू नका.

खरा त्रास देणारे प्राणी बारके. काळ्या लांब काट्यांचा समुद्री साळू म्हणजे सी अर्चिन, त्यावर हात किंवा गुडघा टेकला की काटे आत मोडतात. लायनफिशचे पाठीवरचे काटे विषारी. पाकटावर पाय पडला तर शेपटीचा काटा, म्हणून उथळ वाळूत पाय घासत चालायचं, म्हणजे त्याला आधीच कळतं आणि तो निघून जातो. पाकट किंवा लायनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा, गरम पाण्याने वेदना बरीच कमी होते.

डॉल्फिन, कासव, व्हेल शार्क दिसतील?

डॉल्फिन पाण्याखाली नाही, बोटीवरून दिसतात, देवबाग-भोगवे भागात सकाळी शक्यता चांगली. हे हंपबॅक डॉल्फिन, किनाऱ्यालगतच राहणारे. त्यांच्या मागे बोट पळवायला सांगू नका, इंजिन बंद करून थांबलं की तेच जवळ येतात पुष्कळदा. ऑलिव्ह रिडले कासवं वेंगुर्ल्याजवळ वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात अंडी घालायला येतात, डाइव्हमध्ये कासव दिसणं मात्र नशिबाचा भाग. व्हेल शार्क अधूनमधून रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्यात येतो आणि रापणकर त्याला सोडतात, जाळं फाडून, स्वतःचं नुकसान सोसून. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

ऑपरेटर कसा निवडायचा?

सगळ्यात स्वस्त म्हणून निवडू नका. फोनवर हे विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती लोक, पाण्याखाली खरोखर किती मिनिटं, आधी सराव कुठे आणि किती वेळ, बोटीवर ऑक्सिजन आहे का. "२० मिनिटं" म्हणतात त्यात कपडे बदलणं, पट्टे बांधणं सगळं धरलेलं असतं कधीकधी आणि प्रत्यक्ष खाली सात-आठ मिनिटं, तेव्हा स्पष्ट विचारलेलं बरं.

आणि लाइफ जॅकेट. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परत येणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. लोकांना वाटतं धोका पाण्याखाली असतो, पण जाता-येतानाची बोट तेवढीच महत्त्वाची. जॅकेट अंगात घालून पट्टे आवळायचे, मांडीवर ठेवायचं नाही. बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.

डाइव्ह झाल्यावर लगेच घाट चढून कोल्हापूर-बेळगावला निघालो तर?

फार चांगला प्रश्न, आणि कोणी विचारत नाही. खोल किंवा जास्त वेळाच्या डाइव्हमध्ये शरीरात नायट्रोजन विरघळतो, उंचावर दाब कमी झाला की तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊ शकतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबा असं सांगतात. साधारण ६०० मीटरच्या वरचा घाटसुद्धा याच हिशोबात धरावा, आणि आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. किल्ल्याजवळ ५-६ मीटरवर दहा मिनिटांचा ट्राय डाइव्ह केला असेल तर धोका अगदी कमी, पण निवतीला दोन-तीन खोल डाइव्ह केलेल्या सर्टिफाइड डायव्हरने रात्री मालवणात मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढावा. चिपी विमानतळावरून उडणार असाल तरी तेच.

गोप्रोचे फोटो हिरवे येतात, काय करू?

पाणी लाल रंग आधी शोषतं, ५ मीटरला तो जवळजवळ गेलेला असतो. त्यामुळे विषयाच्या जितकं जवळ जाल तितका फोटो चांगला, मध्ये पाणीच कमी राहतं. टॉर्च असेल तर उत्तम. पण पहिल्या डाइव्हला कॅमेरा हातात घेऊच नका.

कोर्स करायचा असेल तर मालवण बरं का?

ओपन वॉटर कोर्ससाठी बरं आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की कमी दिसणाऱ्या पाण्यात शिकलेला डायव्हर पुढे कुठेही घाबरत नाही. कोर्सला मात्र पोहता यावं लागतं, २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं ही परीक्षा असते. सर्टिफिकेट मिळालं की १८ मीटरपर्यंत जाता येतं.

निवती रॉक्स, गुलदार जहाज, आंग्रिया बँक, इथे जाता येतं का?

निवती आणि वेंगुर्ला रॉक्स किनाऱ्यापासून लांब आहेत, त्यामुळे गाळ कमी, चांगल्या दिवशी १० मीटरच्या आसपास दिसतं, मासेही मोठे. पण लाट आणि प्रवाह जास्त, नवशिक्यांसाठी नाही. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेलं गुलदार हे जहाज निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करण्यासाठी २०२५ मध्ये एमटीडीसीकडे दिलं गेलं. जाण्याआधी तिथली ताजी परिस्थिती विचारून घ्या.

आंग्रिया बँक म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडलेलं पठार, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, माथा साधारण २० मीटर खोल. तिथलं पाणी निवळशंख आणि प्रवाळ भरपूर, पण दिवसभरात जाऊन यायची ती जागा नाही, मोठी बोट आणि अनुभवी टीम लागते.

अभयारण्य आहे तर तिथल्या मच्छीमारांचं काय?

१९८७ ला अभयारण्य जाहीर झालं तेव्हा स्थानिकांनी विरोध केला होता, आपली पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी बंद होईल ही भीती होती आणि ती समजण्यासारखी होती. रापणकर आणि छोट्या होडीवाल्यांचा खरा झगडा मोठ्या ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांशी (माशांच्या अख्ख्या थव्याला वेढणारी मोठी जाळी टाकणाऱ्यांशी) आहे. आज स्कूबाच्या बोटींवर जी मुलं काम करतात त्यातली बरीच याच मच्छीमार घरांतली आहेत, खडप न् खडप त्यांना तोंडपाठ. त्यामुळे पाण्यात जाळ्याचे बोये दिसले तर लांबून जा, जाळ्याला हात लावू नका, तो कोणाचा तरी दिवसाचा पगार आहे.

सोबत काय आणायचं?

पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट, म्हणजे सनस्क्रीन कमी लागतं आणि पाण्यात कमी उतरतं. टॉवेल, कोरडे कपडे, पाण्याची बाटली जी परत घरी न्यायची. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीच डॉक्टरांना विचारून. सकाळी हलका नाश्ता, पोहे चालतील, घावणे-चटणी चालेल, तिखट रस्सा नको. दागिने हॉटेलवर ठेवा, मंगळसूत्र सिलिंडरच्या पट्ट्यात अडकतं. मासळीची थाळी आणि सोलकढी वर आल्यावर, तेव्हा भूक अशी लागलेली असते की आधी टेबल सांगून ठेवलेलं बरं.